बुरांशाला केवडा, तरवडाला बहर

मार्च-एप्रिलात उत्तराखंड नाहीतर सिक्कीमचा ट्रेक करून आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये बर्फाच्या शिखरांइतकेच फोटो एका लाल फुलाचे असतात. चोपता-तुंगनाथच्या वाटेवर, संदकफूच्या चढावर हे फूल डोंगरउतार व्यापून टाकतं. गढवाल-कुमाऊंत त्याला बुरांश म्हणतात, नेपाळात लालीगुरांस. परत येताना पिशवीत बुरांशच्या सरबताची बाटली असते आणि डोक्यात एक प्रश्न असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमसारख्या गावात बागेची हौस असलेली दहा-पंधरा घरं असतातच. त्यांच्यात कलमांची, बियांची, शेणखताच्या पोत्यांची देवाणघेवाण चालते आणि तिथंच तो प्रश्न हमखास निघतो : हे झाड आपल्याकडं लावता येईल का हो?

लावता येईल, पण जगणार नाही. आणि का जगणार नाही हे समजून घेताना आपल्या पायाखालच्या मातीबद्दल इतकं कळतं, की मूळ प्रश्नाचं दुःख फारसं उरत नाही.

आधी या फुलाची ओळख. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. या प्रजातीत जगभरात हजाराच्या आसपास जाती आहेत, भारतात ऐंशीहून अधिक, आणि त्यातल्या बहुतेक अरुणाचल-सिक्कीमच्या पट्ट्यात. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ 1848 ते 1850 या काळात सिक्कीमच्या डोंगरांत फिरला आणि तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनची चित्रं-वर्णनं त्यानं ग्रंथरूपात छापली, तेव्हा विलायतेतल्या बागवाल्यांना या झाडांचं वेडच लागलं. आज तिकडच्या मोठमोठ्या बागांत जे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात, त्यांतल्या कित्येकांचं मूळ आपल्या हिमालयात आहे. उत्तराखंडानं बुरांशाला राज्यवृक्ष केलं, नेपाळनं राष्ट्रीय फूल.

नर्सरीत ‘अझेलिया’ नावानं जे छोटं, फुलांनी लगडलेलं झुडूप मिळतं, तेही याच घराण्यातलं. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनं 1753 साली दोघांना वेगळं ठेवलं होतं. पाच पुंकेसर असतील तर अझेलिया, दहा असतील तर ऱ्होडोडेंड्रॉन, असा त्याचा सरळ हिशेब. पुढं मधल्या आकड्यांची फुलं सापडत गेली, हिशेब कोलमडला आणि एकोणिसाव्या शतकातच अझेलियाला ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये सामावून घेतलं गेलं. बागवाल्यांनी मात्र जुनं नाव सोडलं नाही, आणि ते बरंच केलं. झुडूप मागायला गेलेल्याच्या हातात झाड पडायला नको.

या फुलाची एक खुबी पुढं कामाला येणार आहे, म्हणून इथंच सांगतो. बहुतेक फुलांत परागकोश उभा चिरतो आणि पराग बाहेर सांडतो. ऱ्होडोडेंड्रॉनच्या परागकोशाला टोकाशी फक्त बारीक भोकं असतात. पराग चिकट तंतूंत ओवलेले असतात आणि भोकातून माळेसारखे ओढले जातात. सूर्यपक्षी किंवा भुंगा फुलात शिरला की माळ त्याच्या अंगाला चिकटून बाहेर येते.

आता भूगोल. बुरांशाची जात हिमालयात साधारण दीड हजार मीटरच्या वर वाढते. तिचीच एक उपजात थेट दक्षिणेत, निलगिरी, अन्नामलई, पळणीच्या उंच डोंगरांवर आहे, आणि आणखी एक श्रीलंकेत. उटीजवळच्या दोडाबेट्टावर (2637 मीटर) गेलात तर हिवाळ्याच्या अखेरीस तो लाल रंग तिथंही दिसेल. मधल्या जवळपास दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या अख्ख्या दख्खनात, हे झाड नाही. याचं सर्वसाधारणपणे मानलं जाणारं स्पष्टीकरण असं : हिमयुगातल्या थंड काळात थंडी मानवणारी झाडं खाली उतरली, पसरली, दक्षिणेपर्यंत गेली. हवा पुन्हा तापली तशी ती मागं हटली आणि जिथं डोंगर पुरेसे उंच होते तिथंच उरली. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. एवढ्याशा माथ्यावर, तेही कोरड्या उन्हाळ्यात, मागं राहिलेल्या झाडाला आसरा मिळणं अवघडच होतं.

महाबळेश्वर-कासच्या लोकांना इथं जरा हळहळ वाटेल. तिथली जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी आहे, पाऊस धो-धो आहे, म्हणजे मातीचा अडसर नाही. पण उंची कमी पडते आणि पावसाळा संपला की पुढचे महिने कोरडे जातात. कासच्या पठारानं या कमतरतेची भरपाई स्वतःच्या रानफुलांनी केली. 2012 साली पश्चिम घाटातली जी 39 स्थळं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. तिथं बुरांश नसल्याची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

मुरुमची गोष्ट याहून वेगळी. समुद्रसपाटीपासून उंची साधारण पाच-सहाशे मीटर, पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरात, एप्रिल-मेत पारा चाळिशीपार. आणि खाली बेसाल्टपासून झालेली काळी माती. बुरांश आणि अझेलियाला सावली, जाळी, फवारे देऊन उन्हापासून कदाचित वाचवताही येईल. मातीपासून कसं वाचवणार?

काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ. माती परीक्षणाच्या अहवालात ‘मुक्त चुनखडी’ असा रकाना असतो, त्यातला आकडा आपल्याकडं पुष्कळदा चढाच असतो. शेत नांगरताना पांढरे खडे वर येतात, तीच ही चुनखडी. ऱ्होडोडेंड्रॉन कुळाला लागतो साडेचार ते सहा सामू. हे अंतर कागदावर तीनच अंकांचं दिसतं, पण सामूची मोजपट्टी दहापटीनं चढते. तीन अंक म्हणजे आम्लतेत हजारपटीचा फरक.

याचा पहिला फटका लोहाला. गंमत अशी की बेसाल्टमध्ये लोह भरपूर असतं, काळ्या मातीत त्याला तोटा नाही. पण झाडाला खडकातलं लोह उपयोगाचं नाही, पाण्यात विरघळलेलं लागतं. सामू एका अंकानं वाढला की मातीतल्या फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीनं घटते. मग लोहावर उभं असलेलं झाड लोहासाठी उपाशी राहतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुढं पान पांढरट होतं, कडेनं करपतं.

हे वर्णन वाचताना मुरुमच्या शेतकऱ्याला काही नवं वाटायचं नाही. उसाच्या खोडव्यावर हेच चित्र दिसतं आणि त्याला आपल्याकडं ‘केवडा पडला’ म्हणतात. उपायही ठरलेला : हिराकस शेणखतात मुरवून द्यायचं किंवा पाण्यात मिसळून पानांवर फवारायचं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. नुसतं मातीत टाकलं तर चुनखडी त्याला लगेच गिळते, म्हणून शेणखतात मुरवायचं. त्यातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. शेतकऱ्यानं अनुभवानं बसवलेली ही रीत आहे आणि तिच्या मागचं रसायनशास्त्र चोख आहे. तेव्हा काळ्या मातीतल्या अझेलियाला काय होतं, हे एका वाक्यात सांगायचं तर तिला केवडा पडतो, आणि तो हिराकसानं आवरत नाही.

आवरत नाही याला मुळं कारण आहेत. ऊस दांडगा आहे, खोल जातो. ऱ्होडोडेंड्रॉन कुळाची मुळं केसांहून बारीक, वरच्या काही इंचांत पसरलेली, आणि त्यांना नेहमीची मूळरोमं नसतात. त्यांचं काम एक विशिष्ट बुरशी करते. ती मुळांच्या पेशींत राहते आणि कुजत्या पाल्यातून नत्र-स्फुरद काढून झाडाला देते. हे भागीदारीचं दुकान आम्ल, भुसभुशीत, पालापाचोळ्यानं भरलेल्या थंड जमिनीत चालतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगून हवा कोंडते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून मुळं तोडते. त्यात बोअरचं जड पाणी. जडपणा ज्या क्षारांमुळं येतो, ते कुंडीतल्या चांगल्या मातीचा सामूही महिन्या-महिन्यानं वर ढकलत राहतात. हौसच असेल तर कोकोपीट आणि कुजलेला पाला यांच्या मिश्रणात, पूर्वेच्या सावलीत, साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर अझेलियाची एखादी कुंडी एक-दोन हिवाळे काढेल. त्यापलीकडं खर्च करू नये असं माझं मत आहे.

उलट बाजूनं पाहा. ज्या चुनखडीच्या, फुगणाऱ्या, भेगाळणाऱ्या मातीत अझेलिया मरते, त्याच मातीत जी झाडं हजारो वर्षं वाढली त्यांनी याच अडचणींवर तोडगे काढलेले असणार. ‘देशी झाड’ हा शब्द हल्ली फार सैल वापरला जातो. कुणी भारतात कुठंही उगवणाऱ्या झाडाला देशी म्हणतं. त्या न्यायानं बुरांशही देशीच, पण मुरुमसाठी तो गुलमोहराइतकाच परका. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलकडची. ही दोन्ही निदान जगतात तरी. देशीपण देशाच्या नकाशावरून ठरवण्यापेक्षा मातीच्या अहवालावरून ठरवावं.

मग धाराशिव जिल्ह्याच्या मातीत काय काय उगवतं याची यादी कुणी केली आहे का? केली आहे. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला, पण आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे कुकच्या हद्दीबाहेर. ती उणीव भरून काढली मराठवाडा विद्यापीठाच्या प्रा. व्ही. एन. नाईक यांनी. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ (धाराशिवचं तेव्हाचं नाव) 1979 साली प्रसिद्ध झाला. लातूर जिल्हा वेगळा झाला 1982 मध्ये, त्यामुळं त्या पुस्तकातल्या जिल्ह्यात आजचे दोन्ही जिल्हे येतात. पुढं 1998 मध्ये त्यांनीच अख्ख्या मराठवाड्याची वनस्पतीसूची दोन खंडांत दिली. बागेची आवड असलेल्या मंडळींनी अशी पुस्तकं पाहिली पाहिजेत. कळफलकावर बोट ठेवलं की मिळणारी माहिती बहुधा केरळची नाहीतर डेहराडूनची असते.

मुरुमचा फुलांचा मोसम सुरू होतो थंडी सरता सरता, काटेसावरीपासून. पानं गळालेलं उंच झाड, अंगावर काटे, आणि जाड मांसल पाकळ्यांची मोठाली लाल फुलं. त्यात मध इतका की साळुंक्या, कावळे, बुलबुल, खारी सगळे पोट भरून जातात. मग पांगारा. पानमळ्यात वेलाला आधार म्हणून शेवरी-हादग्याबरोबर पांगाराही लावायची रीत होती. पानमळे कमी झाले तसा बांधावरचा पांगाराही कमी दिसू लागला.

आणि पळस. फाल्गुनात सगळं रान करड्या रंगाचं झालेलं असताना हे वाकडंतिकडं झाड पेटतं. काळपट मखमली कळी, त्यातून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार केशरी पाकळी. पान नसताना फुलण्यात झाडाचा हिशेब आहे. पानांतून पाणी उडत नाही आणि फूल लांबून दिसतं. लाल-केशरी रंग पक्ष्यांना चांगला दिसतो, मधमाश्यांना लाल रंग नीट ओळखता येत नाही. म्हणजे आमंत्रण कुणाला आहे हे रंगावरूनच कळतं. रब्बी ज्वारीच्या हंगामात आपल्याकडं भोरड्यांचे थवे येतात, मध्य आशियातून. ज्वारीवर पडतात म्हणून शेतकरी त्यांना गोफणीनं हाकलतो. त्याच भोरड्या परतीच्या प्रवासाआधी पळस-पांगारा-सावरीचा मध पिताना दिसतात, डोक्याला पराग फासून. एका फुलावरून दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाताना त्या जे काम करतात, त्याचा हिशेब ज्वारीच्या नुकसानीपुढं कुणी मांडत नाही.

पळस काळ्या मातीचं खास झाड आहे. पाणी तुंबणारी, थोडी खारवट झालेली जमीन त्याला चालते, जिथं बाकीची झाडं हात टेकतात. होळीसाठी त्याच्या फुलांचा रंग आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होत आला. नळदुर्ग-उमरग्याकडच्या तांड्यांवर आजही होळीचा थाट मोठा असतो. फुलं रात्रभर भिजवायची किंवा उकळायची, पिवळसर केशरी पाणी मिळतं. त्यात चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होतो, कारण फुलातलं रंगद्रव्य अल्कधर्मी पाण्यात लालीकडं झुकतं. लोहाची वाट अडवणारा तोच चुना इथं रंग खुलवतो.

डोंगराच्या अंगाला, येडशीच्या रामलिंग अभयारण्यासारख्या बालाघाटातल्या रानात, याच दिवसांत धायटी शोधावी. बुरांश पाहून आलेल्या माणसाला मी धायटी दाखवीन. माणसाच्या उंचीचं झुडूप, पसरलेल्या फांद्या आणि फांदीभर नळीसारखी तांबडी फुलं. आसवं-अरिष्टं करताना आंबवण्यासाठी वैद्य हीच फुलं वापरतात. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, ते आणि धायटी एकाच कुळातले. मेंदी त्यातलीच, डाळिंबालाही आता याच कुळात धरतात. सोलापूर-धाराशिवच्या माळावर डाळिंब का मानवतं, याचं निम्मं उत्तर कदाचित पाहुण्यांच्या या यादीत असेल.

पण या मुलखाची खरी अझेलिया कोणती असं विचाराल तर माझं मत तरवडाला. रस्त्याकडेला, बांधावर, काळी माती संपून खालचा मुरूम उघडा पडलेल्या उतारावर तरवडाची पिवळी झुडपं असतात. इतकी, की कुणी मान वळवून पाहत नाही. पाऊस पडून गेल्यावर बहर येतो, आश्विनात तो भरात असतो, पण एखादं-दुसरं फूल वर्षभर मिळतं. ओळखायची खूण पानाच्या बुडाशी आहे. तिथं कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णं असतात आणि लिनियसनं दिलेलं शास्त्रीय नाव याच कानावरून आहे. तरवडाच्या सालीनं कातडी कमावत असत. चामड्याच्या धंद्यात ही साल मोलाची होती. सीमेपलीकडं तेलंगणात हाच तरवड ‘तंगेडू’ म्हणून राज्यफूल आहे. आपल्याकडं नवरात्रात भोंडला-हादगा चालतो, त्याच दिवसांत तिकडं बतुकम्मा मांडतात, फुलांचे थर रचून, आणि त्यात तंगेडूला मान असतो. एकच झुडूप सीमेच्या एका बाजूला देवीपुढं आणि दुसऱ्या बाजूला बांधावर. उमरगा तालुक्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक बिदर-जहीराबादकडं असते, त्यामुळं हे चित्र अनेकांनी सासरी-माहेरी दोन्हीकडं पाहिलेलं असेल.

आता ऱ्होडोडेंड्रॉनच्या त्या भोकाच्या परागकोशाकडं परत येऊ. तरवडाचं फूल हातात घेऊन भिंगातून पाहा. त्याच्याही परागकोशाला टोकाशी भोकंच असतात. दोन्ही झाडांचं नातं जवळचं नाही, एक शेंगावर्गी, दुसरं थंड डोंगरांतलं, तरी दोघांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे साधली. फरक पराग बाहेर काढण्यात आहे. तरवडात चिकट तंतू नाहीत. तिथं मोठा काळा भुंगा फुलाला पायांनी घट्ट धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपानं पराग भोकातून पिचकारीसारखे उडतात. गुणगुण आवाजात एकदम एक तीव्र ‘झुँ’ ऐकू येतं, ते हे. साध्या मधमाशीला ही कला येत नाही. ही गोष्ट नुसती फुलवेड्यांच्या कामाची नाही. वांगं आणि टोमॅटो यांच्या परागकोशांचीही रचना अशीच आहे आणि त्यांच्या फळधारणेत अशा थरथरवणाऱ्या भुंग्यांचा हात असतो. बांधावरचा तरवड काढून टाकला की वर्षभर भुंग्यांना गुंतवून ठेवणारं फूल जातं. पाठोपाठ तिथं घाणेरी येते, अमेरिकेहून आलेली, दिसायला तीही गोजिरी, पण पसरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही.

एप्रिल-मे बहाव्याचा. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकच सांगेन : फुलातले पुंकेसर मोजा. तीन लांब आणि कमानदार, चार मध्यम, तीन खुरटलेले. मध्यम पुंकेसरांतले पराग माशी खाते, तेवढ्यात लांब कमानदार पुंकेसर तिच्या पाठीवर आपले पराग ठेवून देतात. जेवण एका ताटातलं आणि टपाल दुसऱ्या पेटीतलं.

परदेशात अशी फुलं पाहायची रीत क्लबांनी घालून दिली आहे. अमेरिकन ऱ्होडोडेंड्रॉन सोसायटी 1945 साली सुरू झाली. तिच्या गावोगावच्या शाखा रोपांची विक्री करतात, सभासद एकमेकांत बियाणं वाटतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात पंधराच्या आसपास जातींच्या रानअझेलिया आहेत. जूनमध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या ग्रेगरी बाल्ड या डोंगरमाथ्यावर पांढऱ्यापासून अग्निज्वाळेपर्यंतच्या छटांच्या अझेलिया एकत्र फुलतात आणि हौशी लोक कित्येक मैल चढून त्या पाहायला जातात. त्यांनी झाडं घरी आणण्याचा हट्ट धरला नाही असं नाही, पण पायपीट करून झाडाच्या गावी जाण्यातही तेवढीच मजा मानली.

आपल्याकडं ही परंपरा अगदीच नवी नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी दरवर्षी जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरवते आणि लांबलांबून लोक येतात. मुंबईत फ्रेंड्स ऑफ द ट्रीज ही संस्था 1957 पासून झाडांसाठी काम करते. पण आपल्या प्रदर्शनांचा मान गुलाब, शेवंती, डेलिया, बोन्साय यांना. रानातलं फूल कापून फुलदाणीत टिकत नाही, म्हणून त्याला स्पर्धा नाही. त्यापेक्षा प्रदर्शनच रानात न्यावं. मुरुमच्या मंडळींना त्यासाठी ना मंडप लागेल, ना परीक्षक. फाल्गुनात एक सकाळ बेन्नीतुरा नदीच्या काठानं, पळस आणि निर्गुडी पाहत. एक दिवस येडशीच्या रानात, धायटी आणि मुरुडशेंगेसाठी. श्रावणात माळावर, कुंपणावर चढलेल्या कळलावीसाठी. तिच्या पिवळ्या-लाल ज्वाळा पाहाव्यात, कंदाला मात्र हात लावू नये, तो जहाल विषारी असतो. घटस्थापनेच्या सुमाराला तरवड.

रोपं उपटून आणण्याचा मोह आवरावा. पळसाचं सोटमूळ इतकं खोल जातं की उपटलेलं रोप लागत नाहीच. या सगळ्यांचं बी फुकट मिळतं, वेळ तेवढी साधावी लागते. पळसाची चपटी शेंग मे-जूनमध्ये पिकते, तिच्या टोकाशी एकच बी असतं. शेंगेसकटच पहिल्या पावसात कायमच्या जागी पेरावी. पहिली काही वर्षं वरचा शेंडा उन्हाळ्यात वाळेल, तेव्हा रोप मेलं समजून जागा नांगरू नये. खाली मूळ वाढत असतं. बहाव्याच्या बियांचं कवच कठीण असतं. रानात ते कोल्ह्या-माकडांच्या पोटातून जाऊन मऊ होतं, आपण बी खरखरीत कागदावर घासावं किंवा त्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवावं. सावरीचं बी कापसासकट उडतं आणि लवकर निकामी होतं, त्यामुळं गोळा केल्यावर लगेच पेरलेलं बरं. तरवडाला यांपैकी काही लागत नाही. मुरमाड बांधावर बी टाकून द्यावं आणि पहिली दोन वर्षं जनावरं तुडवणार नाहीत एवढं पाहावं.

दुसरं काम नोंदीचं. जैवविविधता कायदा 2002 चा, त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं, म्हणजे नगरपरिषदेनंही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अशा नोंदवह्या कार्यालयात बसून भरता येत नाहीत. कुठल्या बांधावर जुना पांगारा आहे, कोणत्या ओढ्याला निर्गुडी उरली आहे, हे फिरणाऱ्यालाच ठाऊक असतं. बागप्रेमी मंडळ या समितीला जेवढं देऊ शकेल, तेवढं बाहेरून आलेला सल्लागार देऊ शकणार नाही. ‘सीझनवॉच’ नावाचा एक देशव्यापी उपक्रमही आहे. त्यात शाळकरी मुलांपासून कुणीही एक झाड निवडतं आणि दर आठवड्याला त्याची पानं, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद करतं.

मराठवाड्यात बहाव्याबद्दल एक समज ऐकायला मिळतो : तो भरात आला की दीड-दोन महिन्यांत पाऊस. हवामानखात्याचा अंदाज लांबला की लोक बहाव्याकडं बोट दाखवतात. समज खरा की खोटा हे वाद घालून ठरणार नाही. एकाच झाडाचं पहिलं फूल, पूर्ण बहर आणि गावात पडलेला पहिला पेरणीजोगा पाऊस, या तीन तारखा दरवर्षी लिहायच्या. दहा-बारा वर्षांत आकडेच बोलू लागतील. झाड मात्र शाळेच्या किंवा देवळाच्या आवारातलं निवडावं. रस्त्याकडेचं झाड रुंदीकरणात कधी जाईल ते सांगता येत नाही.